तोदाईचा बेसबॉल संघ – १९२५ पासून लीगमध्ये, विजेतेपद एकदाही नाही

टोकियोकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज मुलगा लवकर झोपलाय तर लिहूनच टाकते. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही टोकियोला सात वर्षं होतो, निशी-कासाईला, म्हणजे आपली बरीच मंडळी राहतात तिथेच. खालच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे, निवृत्त शिक्षक. २०१४ च्या शरद ऋतूत एका शनिवारी ते म्हणाले चला तुम्हाला बेसबॉल दाखवतो, आणि आम्हाला मेजी जिंगू स्टेडियमला घेऊन गेले. मला बेसबॉलमधलं तोवर ओ की ठो कळत नव्हतं. मॅच युनिव्हर्सिटीची, एका बाजूला तोदाई म्हणजे टोकियो युनिव्हर्सिटी, आणि तोदाई हरली, चांगलीच हरली. पण त्यांच्या बाजूचे लोक शेवटच्या बॅटरपर्यंत उभे राहून ओरडत होते, ड्रम वाजत होते, पहिल्याच इनिंगला आल्यासारखे. मी आजोबांना विचारलं हे मागची मॅच कधी जिंकले होते? ते म्हणाले २०१० ला. मला वाटलं माझं जपानी चुकतंय, परत विचारलं. नाही, २०१० च. २ ऑक्टोबर २०१०, वासेदा विरुद्ध ४-२, आणि वासेदाकडून पिचिंगला (म्हणजे बॉल टाकायला) कोण तर साइतो युकी, जो तेव्हा अख्ख्या जपानचा लाडका होता, घाम पुसायच्या रुमालावरून लोक त्याला 'रुमालवाला राजपुत्र' म्हणायचे. त्याला हरवलं आणि नंतर चार वर्षं काहीच नाही.

त्या दिवसापासून मला या टीमचं वेड लागलं, मग जे जे वाचलं ऐकलं ते लिहितेय.

आधी लीगबद्दल. टोकियोत सहा युनिव्हर्सिट्यांची जुनी लीग आहे, वासेदा, केइओ, मेजी, होसेई, रिक्क्यो आणि तोदाई. १९१४ ला पहिल्या तिघांनी सुरू केली, १९१७ ला होसेई आली, १९२१ ला रिक्क्यो, १९२५ ला तोदाई आली आणि सहाचा आकडा पुरा झाला, त्यानंतर आजपर्यंत ना कुणी आत आलं ना बाहेर गेलं. वर्षातून दोन हंगाम, वसंत आणि शरद. दोन टीम एकमेकींशी खेळतात तेव्हा ज्याने आधी दोन मॅच जिंकल्या त्याला एक पॉइंट, म्हणजे आपल्या तीन मॅचच्या सिरीजसारखंच, आणि असे जास्त पॉइंट ज्याचे तो चॅम्पियन.

आता गंमत अशी की जपानात बेसबॉल आला तोच मुळी या युनिव्हर्सिटीच्या अंगणात. होरेस विल्सन नावाचा अमेरिकन मास्तर, मेन राज्यातला, सिव्हिल वॉर लढून आलेला, तो टोकियोच्या ज्या सरकारी शाळेत शिकवायचा तीच पुढे वाढत वाढत टोकियो युनिव्हर्सिटी झाली. १८७२ ला त्याने तिथल्या पोरांच्या हातात बॅट आणि बॉल दिला. त्या जागी, कांदाच्या गाकुशी काइकान इमारतीपाशी, एक स्मारक मी पाहिलंय, कांस्याचा मोठा हात आणि त्यात बॉल धरलेला, आणि बॉलवर जगाचा नकाशा, जपान आणि अमेरिका बॉलच्या शिवणीने जोडलेले. मी तिथे पाऊण तास बसून होते.

मग तिथलीच पुढची शाळा म्हणजे इचिको, फर्स्ट हायर स्कूल, हिच्यातून पोरं युनिव्हर्सिटीत जायची. १८९० च्या दशकात देशात यांना हरवणारं कुणी नव्हतं. योकोहामाला परदेशी लोकांचा क्लब होता, तोही मूळचा क्रिकेट क्लब बरं का, तिथल्या अमेरिकन लोकांना हे कितीतरी वर्षं मॅच द्या मॅच द्या म्हणत होते आणि ते दाद देत नव्हते. शेवटी २३ मे १८९६ ला मॅच झाली. इचिकोने २९-४ ने जिंकली! पुढच्या दोन मॅचही जिंकल्या, मग ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, १२-१४ अशी एक हरले. पेपरांत हे इतकं गाजलं की खेळ शाळाशाळांत पोचला.

आज बेसबॉलला जपानीत जे 'याक्यू' म्हणतात, शब्दशः मैदानी चेंडू, तो शब्दही इचिकोच्याच चूमान कानाए यांनी १८९४ ला काढला.

म्हणजे ज्यांच्या घरात हा खेळ रांगायला शिकला तेच लीगमध्ये वर्षानुवर्षं सहाव्या नंबरला. हे मला चटका लावून जातं. तुम्हाला काय वाटतं लिहा, आणि कुणी तिथे मॅच पाहिली असेल तर जरूर सांगा.

हायकूवेडा

ताई फार छान लिहिलंय. एक राहिलं, मासाओका शिकी! हायकूला 'हायकू' हे नाव रूढ करणारा कवी, तो याच शाळेत शिकला आणि तिथे कॅचर होता, नुसता हौशी नाही, झपाटलेला. त्याचं लहानपणचं नाव नोबोरू. तर पठ्ठ्याने टोपणनाव घेतलं ते याक्यूच्याच चिन्हांनी लिहिलेलं, पण वाचायचं नो-बोरू, 'नो' म्हणजे मैदान आणि 'बोरू' म्हणजे बॉल. हे १८९० चं, चूमानच्या आधीचं, फक्त त्याने खेळाचं नाव म्हणून नाही वापरलं. बॅटर, रनर वगैरेंसाठी त्याने जपानी शब्द घातले ते आजही चालतात. पुढे मणक्याचा क्षय झाला, अंथरुणाला खिळला, आणि खेळता येईना तेव्हा बेसबॉलवर तांका (पाच ओळींच्या छोट्या कविता) लिहिल्या. १९०२ ला गेला, वय ३४ फक्त. २००२ ला त्याला जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, आणि उएनो पार्कात त्याच्या नावाचं छोटं मैदान आहे, मी मुद्दाम बघून आलो, पोरं खेळत होती आणि जाळीबाहेर त्याच्या ओळी कोरलेला दगड.

आपल्याकडे हायकू वाचणाऱ्यांना बाशोच्या हायकूतलं बेडूक आणि तळं माहीत असतं, हा बेसबॉलवाला शिकी कुणी सांगत नाही.

चौकार_षटकार

वाचतोय. पण एक प्रश्न, खरंच समजून घ्यायचाय. एवढी मोठी युनिव्हर्सिटी, पैसा असेल, मैदान असेल, मग चांगले प्लेअर का नाही घेत?

टोकियोकर

@हायकूवेडा, वा! नो-बोरूचं माहीतच नव्हतं, आजोबांना कळवते.

@चौकार_षटकार, घेता येत नाहीत, हेच तर मूळ कारण. बाकीच्या पाचही प्रायव्हेट आहेत, त्यांच्याकडे खेळाच्या जोरावर प्रवेशाचे मार्ग आहेत. कोशिएन म्हणजे शाळांची जी राष्ट्रीय स्पर्धा, ती गाजवलेली पोरं तिथे जातात. तोदाईला खेळ दाखवून आत जाताच येत नाही. आधी ती परीक्षा, देशातली सगळ्यात अवघड. कितीतरी पोरं पहिल्या वेळी नापास होऊन वर्षभर घरी अभ्यास करतात, त्यांना तिथे रोनिन म्हणतात, धनी नसलेला सामुराई. विचार करा, १७-१८ चं वय, जेव्हा बाकीचे रोज शंभर बॉल टाकतायत तेव्हा हा गणितं सोडवतोय, आणि मग वर्षाने त्याच पोरांसमोर जिंगूवर उभा राहतो.

मैदान मात्र सुंदर आहे. होंगो कॅम्पसमध्येच, १९३७ चं, स्टँडच्या कमानी अजून तशाच.

सिव्हिलवाला

थांबा थांबा थांबा. ओकामुरा हाजिमे!!! धागा वाचता वाचता मला आठवलं आणि खुर्चीतून उठलोच.

साइटवर काम करणाऱ्यांना सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट माहीत असेल, एससीसी. ज्यांना नाही त्यांच्यासाठी, साधं काँक्रीट ओतलं की व्हायब्रेटर मारावा लागतो नाहीतर सळयांच्या गर्दीत पोकळ्या राहतात, शटरिंग काढल्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखं दिसतं आणि मग पाणी शिरून सळई गंजते. जपानात १९८० च्या दशकात कुशल कामगार कमी पडायला लागले, व्हायब्रेटर नीट मारला जाईना, स्ट्रक्चर लवकर खराब व्हायला लागली. तेव्हा टोकियो युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर ओकामुरा म्हणाले की कामगाराच्या हातावर अवलंबूनच राहायला नको, असं काँक्रीट करू जे स्वतःच्या वजनाने वाहत जाऊन कोपऱ्या कोपऱ्यात भरेल आणि तरी खडी खाली बसणार नाही. १९८६ ला कल्पना मांडली, १९८८ ला त्यांच्या लोकांनी नमुना करून दाखवला. आकाशी काइक्यो ब्रिजच्या अँकरेजमध्ये (केबल्स धरून ठेवणाऱ्या अवाढव्य ठोकळ्यांत) ते वापरलंय. आम्ही इथे दाट सळयांच्या पिअर कॅपला (पुलाच्या खांबाच्या माथ्याला) एससीसी ओततो तेव्हा स्लंप कोनाची उंची नाही, खाली पसरलेल्या थाळीचा व्यास मोजतो, ती सगळी विद्या तिथून आलेली.

तर हे ओकामुरा सर तोदाईचे पिचर होते! लीगमध्ये १७ विजय, तोदाईच्या कुठल्याही पिचरपेक्षा जास्त. नंतर टीमचे मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, पण झाले. मी पंधरा वर्षं हा माणूस फक्त शोधनिबंधांच्या संदर्भांत वाचलाय, आणि तो जिंगूच्या माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) उभा होता हे एका जपानी व्हेंडरने जेवताना सांगितलं तेव्हा मी घास तसाच ठेवला होता.

टोकियोकर

सिव्हिलवाला दादा, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र धागा आहे. ओकामुरांचे १७ विजय माहीत होते, काँक्रीटचं एवढं खोलात नव्हतं माहीत. नवऱ्याला वाचून दाखवला, तो पण सिव्हिलच.

निकालाचं_बोला

कुणाला वाईट वाटेल, पण लिहितोच. खेळ म्हणजे स्पर्धा. टोकियोतच दुसरी एक लीग आहे, तोतो लीग, तिथे तळाच्या टीमला खाली जावं लागतं आणि खालच्या डिव्हिजनचा विजेता वर येण्यासाठी तिच्याशी खेळतो. तिथली पोरं एकेका मॅचसाठी रक्त आटवतात. आणि इथे एक टीम दर हंगामात शेवटची, तरी जागा पक्की. एखाद्या चांगल्या युनिव्हर्सिटीच्या पोरांना जिंगूवर खेळायला मिळालं असतं की. १९९८ पासून सतत सहावा नंबर म्हणजे पंचवीसहून जास्त वर्षं झाली. याला परंपरा म्हणायचं का?

जळगावची_शॉर्टस्टॉप

@निकालाचं_बोला तुमचा मुद्दा चुकीचा नाही पण मी खेळलेली आहे म्हणून वेगळं सांगते. मी कॉलेजला सॉफ्टबॉल खेळले, युनिव्हर्सिटी टीममध्ये होते. इंटर युनिव्हर्सिटीला आमची गाठ एका अशा टीमशी पडली की त्यांच्या निम्म्या मुली नॅशनल खेळलेल्या. आम्ही चौथ्या इनिंगलाच बाहेर, फरक इतका होता की मॅच थांबवली. बसमध्ये कुणी बोललं नाही. पण त्या पिचरचा जो राइज बॉल मी पाहिला, मनगट कधी सोडते, पाय कुठे पडतो, तो मी पुढे दोन वर्षं डोळ्यासमोर ठेवून खेळले, आणि माझी बॅटिंग बदलली ती त्या एका हरलेल्या मॅचने. आमच्या तालुक्याच्या टीमशी जिंकून ती बदलली नसती.

तोदाईची पोरं दर हंगामात कमीत कमी दहा मॅच अशा टीमशी खेळतात. मला तर हेवा वाटला.

निकालाचं_बोला

तुम्ही म्हणता ते तोदाईच्या पोरांच्या बाजूने बरोबर. पण समोरच्यांना काय मिळतं त्यातून?

टोकियोकर

समोरच्यांना भीती मिळते, आजोबा असंच म्हणायचे. तोदाईकडून हरणारे आपण नको, ही. आणि ती खरी झालेलीही आहे.

१९८१ चा वसंत हंगाम बघा. तोदाईने वासेदा आणि केइओ दोघांकडून पॉइंट घेतला, एकाच हंगामात दोघांकडून, असं आधी कधीच झालं नव्हतं. सहा मॅच जिंकल्या, चौथा नंबर. युनिव्हर्सिटीच्या जुन्या लाल दरवाज्याला 'आकामोन' म्हणतात, त्यावरून पेपरवाल्यांनी त्या हंगामाला 'आकामोनचं वादळ' नाव दिलं. आजोबा त्या वर्षीच्या मॅचेसना होते, सांगताना अजून हात हलतात त्यांचे.

आता २०१० नंतरच्या त्या पराभवांच्या साखळीबद्दल. २०१० च्या त्या विजयानंतर सलग ९४ मॅच हरले (मध्ये एखाद दुसरी बरोबरीत सुटली ती सोडून). त्याआधीचा त्यांचाच नकोसा रेकॉर्ड ७० चा होता. २०१३ ला कुवाता मासुमी त्यांना शिकवायला यायला लागले, हे योमिउरी जायंट्सचे एकेकाळचे सगळ्यात मोठे पिचर, म्हणजे आपल्याकडे कपिल देवने कॉलेजच्या नेट्सना येऊन उभं राहावं तसं. मॅनेजर हामादा काझुशी. आणि २३ मे २०१५ ला होसेई विरुद्ध दहाव्या इनिंगमध्ये ६-४ ने जिंकले. मी तेव्हा पुण्याला आईकडे आलेले, आजोबांचा मेसेज आला फक्त दोन शब्दांचा, 'तोदाई जिंकली', आणि मी स्वयंपाकघरात रडले. आईला कळेना कोण वारलं म्हणून.

हायकूवेडा

तारीख बघितली का कुणी? २३ मे. योकोहामाच्या क्लबला २९-४ हरवलं तीही २३ मे, १८९६. बरोब्बर ११९ वर्षं.

टोकियोकर

अंगावर काटा आला. मीच दोन्ही तारखा लिहिल्या आणि माझ्याच लक्षात नाही आलं.

इतिहासात_रमणारा

युद्धाच्या काळात काय झालं लीगचं? १९२५ ला सहा टीम झाल्या म्हणता, म्हणजे मध्ये तो सगळा काळ येतो.

टोकियोकर

हे लिहायचं मी टाळत होते, पण विचारलंत तर लिहिते.

बेसबॉल हा शत्रूचा खेळ ठरला. १९४३ ला शिक्षण मंत्रालयाने लीगच बरखास्त करायला लावली. शरद ऋतूत विद्यार्थ्यांची लष्करातली सूट काढली, सायन्स वगैरे सोडून बाकीच्यांना बोलावणं. १६ ऑक्टोबरला वासेदाच्या मैदानावर वासेदा-केइओ शेवटची मॅच खेळले, निरोपाची. २१ ऑक्टोबरला जिंगूच्या शेजारच्याच मैदानावर पावसात विद्यार्थ्यांचं संचलन झालं, खांद्यावर बंदुका, आणि सगळ्यांच्या वतीने उत्तराचं भाषण केलं ते तोदाईच्या विद्यार्थ्याने. त्यातले किती परत आले नाहीत.

आणि म्हणून मला १९४६ चा वसंत या टीमच्या इतिहासातला सगळ्यात मोठा वाटतो, १९८१ पेक्षाही. शहर जळालेलं, खायला नाही, जिंगू स्टेडियम अमेरिकन सैन्याने ताब्यात घेतलेलं, त्याचं नावही बदललेलं. लीग दुसऱ्या मैदानांवर, प्रत्येकाशी एकच मॅच अशी खेळवली. आणि तोदाई जिंकत गेली. शेवटची मॅच केइओशी, जिंकली असती तर चॅम्पियन. ०-१ ने हरले. एका रनने! दुसरा नंबर, आजतागायतचा सगळ्यात वरचा. आजोबांचे मोठे भाऊ त्या मॅचला होते, ते घरी चालत आले कारण गाडीला पैसे नव्हते, आणि वाटभर तो एक रन कसा झाला हेच सांगत होते म्हणे, आजोबा तेव्हा सहा वर्षांचे.

चौकार_षटकार

हे वाचून गप्प झालो.

प्रोमध्ये गेलंय का कुणी यांच्यातलं?

टोकियोकर

सहा जण. पहिले निइजी, १९६५ ला तायो व्हेल्स या प्रो क्लबकडे. त्यानंतरचे इदे, चुनिची क्लबकडे, पिचर म्हणून घेतलं, पुढे आउटफिल्डला खेळले, मग क्लबमध्येच वर्षानुवर्षं कोच, अधिकारी. आणि सत्तरी उलटल्यावर तोदाईचे मॅनेजर म्हणून परत आले. त्यांच्या हाताखाली ३० मे २०२१ ला होसेईला २-० हरवलं, तेव्हा ६४ पराभवांची दुसरी साखळी तुटली.

सगळ्यात अलीकडचा मियादाई कोहेई, डावखुरा, कायद्याचा विद्यार्थी. २०१६ ला वासेदा विरुद्ध १३ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), तोदाईचा रेकॉर्ड, आणि तरी मॅच शेवटच्या इनिंगला ०-१ गेली. मला त्याचा तो माउंडवरून उतरतानाचा फोटो विसरता येत नाही. पण पुढच्या वर्षी शरदात होसेईकडून सलग दोन मॅच घेऊन पॉइंट मिळवला, १५ वर्षांनी, आणि त्याच वर्षीच्या ड्राफ्टला, म्हणजे प्रो क्लब नवे खेळाडू निवडतात तेव्हा, निप्पॉन हॅम क्लबने त्याला उचललं.

जळगावची_शॉर्टस्टॉप

या लीगमध्ये मुली खेळल्यात का हो?

टोकियोकर

खेळल्यात! १९९५ ला मेजीकडून जोडी हॅलर नावाची अमेरिकन मुलगी पिचिंगला आली, लीगमधली पहिली. आणि २००१ ला मेजी विरुद्ध तोदाई मॅचमध्ये दोन्हीकडून मुली पिचर, समोरासमोर. मुलींना वेगळा नियम नाही, सरळ त्याच टीममध्ये.

निकालाचं_बोला

मी रात्री यांच्या २०२४ च्या शरदातल्या एका मॅचचे व्हिडिओ बघत बसलो. वातानाबे म्हणून एक पिचर होता, चेंडू जमिनीला घासून सुटावा इतका खालून टाकायचा, वडील लोट्टे या प्रो क्लबचे वातानाबे शुनसुके, तेही असेच टाकायचे. पूर्ण नऊ इनिंग एकट्याने टाकून होसेईला एका रनवर रोखलं, २-१ ने जिंकले. होसेईच्या बॅटरना त्याच्या स्लो बॉलचं टायमिंगच सापडत नव्हतं. जोर नाही म्हणून वेगळा कोन शोधलाय.

खाली जाण्याचा नियम असावा हे माझं मत अजून तेच आहे. पण आता पुढच्या हंगामात यांचे स्कोअर बघणार आहे.

सिव्हिलवाला

व्हायब्रेटर मारायला माणूस नाही तर काँक्रीटच बदला, आणि वेग नाही तर कोन बदला. सरांचेच वारस.

मी ऑक्टोबरमध्ये आठ दिवस कामासाठी टोकियोला जातोय. शनिवार-रविवार मोकळा आहे. ताई, मॅच बघायची तर कसं जायचं? ते स्टेडियम पाडणार असंही ऐकलं.

टोकियोकर

हो, त्या भागाचं रीडेव्हलपमेंट चालू आहे, जुनं स्टेडियम पाडून शेजारी नवीन होणार, झाडांवरून तिथे खूप विरोधही झाला. १९२६ चं मैदान आहे ते, बेब रूथ १९३४ ला तिथे खेळून गेलाय, म्हणून आहे तोवर बघून घ्याच.

गिंझा लाइनने गाएनमाए स्टेशनला उतरा, तिथून चालत पाच-सात मिनिटं. शनिवारी आणि रविवारी मॅच असतात, दिवसा, कारण संध्याकाळी बरेचदा याकुल्ट स्वॅलोजची प्रो मॅच असते त्याच मैदानावर. दोघांची एक-एक झाली तर सोमवारी तिसरी. वेळापत्रक आधी बघा, त्या आठवड्यात तोदाई आहे ना ते. टोपी न्या, ऊन लागतं. बसायचं तोदाईच्या बाजूला, फिकट निळे झेंडे दिसतील. मॅच संपली की उठू नका, दोन्हीकडचे चीअरिंगवाले समोरच्या टीमसाठी आरोळी देतात, हरलेलेही, ते झाल्यावरच निघा.

आणि आजोबा येतील तुमच्याबरोबर, मी कालच फोनवर विचारलं. ८५ झालेत पण म्हणाले काँक्रीटवाला येतोय तर ओकामुरांचं पिचिंग मीच सांगतो त्याला. स्कोअर इथेच येऊन लिहा, काहीही असला तरी.